परदेशात फुटसाल बघायला जाताय? आधी काय आणि नंतर काय, ते एकदा नीट वाचा

फुटसालची (हॉलमधला पाच-पाच जणांचा फुटबॉल) किंवा बीच सॉकरची मोठी स्पर्धा जाहीर झाली की टर्फवरच्या ग्रुपमधे दर वेळी तेच होतं. कोणीतरी स्वस्त फ्लाइटचा स्क्रीनशॉट टाकतो, रात्रीत चार जण नॉन-रिफंडेबल तिकीट काढून मोकळे होतात, आणि पंधरा दिवसांनी ड्रॉ, म्हणजे कोणती टीम कोणत्या ग्रुपमधे ते ठरवणारी सोडत, निघाला की कळतं आपण जिच्यासाठी चाललोय ती टीम भलत्याच शहरात खेळणार आहे, एकाचा पासपोर्ट चार महिन्यांत संपतोय, आणि व्हिसाला हॉटेलचं बुकिंग लागतं हे कोणी बघितलंच नव्हतं. हौस भरपूर असते, पैसेही साठवलेले असतात, सगळं नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे.

अकरा-अकराच्या वर्ल्ड कपला वर्षभर आधीपासून तिकिटं, टूर कंपन्यांची पॅकेजेस, सगळं तयार मिळतं. छोट्या फुटबॉलला तसं नसतं. तिकिटं बऱ्याचदा स्पर्धा तोंडावर आल्यावर निघतात, पॅकेज कोणी करत नाही, सगळं आपलं आपण जुळवायचं. म्हणून एकच नियम धरून चाला, जे रद्द करता येतं किंवा बुडालं तरी परवडतं ते आधी करायचं आणि जे बुडालं तर महिन्याचा पगार जाईल ते सगळ्यात शेवटी. मॅचचं तिकीट स्वस्त असतं, हॉटेल फ्री कॅन्सलेशनवर मिळतं, फ्लाइट महाग असते आणि परत काही मिळत नाही. लोक नेमकं फ्लाइटपासून सुरू करतात.

१. पासपोर्ट: आज, आत्ता कपाटातून काढा

स्पर्धा ठरायच्याही आधी हे करा. परतीच्या तारखेनंतर कमीत कमी सहा महिने पासपोर्ट चालू असला पाहिजे. काही देश कमी मागतात, पण एअरलाइनच्या काउंटरवर वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. दोन पानं समोरासमोर पूर्ण कोरी हवीत. आणि मुंबईत एक वेगळी भानगड असते ती म्हणजे ओल. पावसाळ्यात कपाटात राहून कव्हर फुगतं, फोटोच्या पानाचं लॅमिनेशन कडेने सुटतं, आपल्याला ते किरकोळ वाटतं पण खराब पासपोर्ट म्हणून तुम्हाला काउंटरवरच थांबवू शकतात. फोटोचं पान उजेडात धरून चारही कडांवर नख फिरवून बघा, कुठे सुटलं असेल तर सरळ नवीन काढा.

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून री-इश्यूला अर्ज करता येतो. मुंबईत लोअर परेल, अंधेरी आणि मालाडला केंद्रं आहेत, ठाण्यालाही आहे. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० जास्त. पोलीस व्हेरिफिकेशनला जो पत्ता दिलाय तिथे तुम्ही सापडला पाहिजेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी गावचा पत्ता दिला की इथेच घोडं अडतं, कारण पोलीस जाणार साताऱ्याला आणि तुम्ही बसलेले कांदिवलीत.

आता नाव. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव असा प्रकार असतो. फ्लाइट, व्हिसा, मॅचचं तिकीट, इन्शुरन्स, सगळीकडे अगदी तेच स्पेलिंग तसंच्या तसं टाका. लग्नानंतर आधारवर नाव बदललंय पण पासपोर्टवर माहेरचंच आहे अशा ताई-वहिनींनी बुकिंग पासपोर्टच्या नावानेच करायचं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांनी दुबई किंवा अबूधाबीमार्गे जाऊ नका, एकाच नावाच्या पासपोर्टवर यूएईमधे अडवू शकतात.

*सावधान: पासपोर्टच्या अर्जासाठी सर्च केलं की वरच्या जाहिरातींमधे सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट येतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर बंद करा.*

२. स्पर्धा नक्की कोणती, कुठे, किती हॉलमधे

"छोटा फुटबॉल" म्हणून सगळं एकत्र करू नका. फुटसाल म्हणजे कडक फ्लोअरवर पाच-पाच जण, वर्ल्ड कप फिफाचा, आशिया कप एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा. बीच सॉकर म्हणजे वाळूत अनवाणी, त्याचाही वर्ल्ड कप फिफाकडे. आणि सहा-सहाचा जो सॉका वर्ल्ड कप, २०२४ला मस्कतला झाला तो, त्याचा फिफाशी काही संबंध नाही, त्यांची फेडरेशन वेगळी आहे. आयोजक वेगळा म्हणजे वेबसाइट वेगळी, तिकीटविक्री वेगळी, बॅगेचे नियम वेगळे. आधी आयोजकाच्या अधिकृत साइटवर जाऊन स्पर्धेचं पान शोधा आणि पुढचं सगळं तिथूनच बघा, रीलवरून नको.

त्यानंतर हॉल किती आणि एकमेकांपासून किती लांब ते बघा, कारण सगळा प्लॅन यावर उभा राहतो. अलीकडच्या स्पर्धा घेऊ म्हणजे फरक कळेल.

२०२५चा बायकांचा पहिला फुटसाल वर्ल्ड कप फिलिपिन्समधे झाला, २१ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर, १६ टीम आणि सगळ्या मॅच पासिगच्या फिलस्पोर्ट्स अरेनामधे. असं असेल तर सोपं आहे, हॉलच्या जवळ एक हॉटेल घ्या आणि विषय संपला.

२०२६चा एएफसी फुटसाल आशिया कप जाकार्तात होता, एकाच शहरात पण दोन हॉल, इंडोनेशिया अरेना आणि वेलोड्रोम. नकाशावर जवळ दिसतं पण जाकार्ताचं ट्रॅफिक म्हणजे संध्याकाळचा आपला वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, त्यामुळे एका संध्याकाळी दोन्हीकडे एकेक मॅच असा हिशोब मांडायचाच नाही.

आणि २०२४चा वर्ल्ड कप उझबेकिस्तानात, तीन शहरांत, ताश्कंद, बुखारा आणि अंदिजान. अंदिजान पूर्वेला फरगाना खोऱ्यात, बुखारा पार पश्चिमेला, ताश्कंद मधे. म्हणजे अंदिजानहून बुखाराला जायचं तर अख्खा दिवस त्यातच जातो. तिथे एकाच टीमच्या मागे फिरायचं की एका शहरात बसून मिळेल ते सगळं बघायचं हे आधी ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर एका शहरात बसा. भारत अजून फुटसाल वर्ल्ड कपच्या मुख्य फेरीत खेळलेला नाही, त्यामुळे आपण तिथे जातो ते खेळ बघायला, आणि एका हॉलमधे दिवसाला दोन किंवा जास्त मॅच मिळतात तेव्हा धावपळ कशाला.

हॉल एकापेक्षा जास्त असतील तर ग्रुपच्या शेवटच्या फेरीत एकाच ग्रुपच्या दोन्ही मॅच बऱ्याचदा एकाच वेळी, वेगवेगळ्या हॉलमधे ठेवतात. वेळापत्रकात हे नीट बघा, नाहीतर दोन्हीची तिकिटं काढून बसाल.

चेक: ड्रॉ झालाय का? शहरवार वेळापत्रक आलंय का? नसेल तर इथेच थांबा, पासपोर्ट आणि विक्री सुरू झाली असेल तर मॅचची तिकिटं (टप्पा ६) सोडून दुसऱ्या कशाला हात लावू नका.

३. कोणता आठवडा

इथे बहुतेक जण फायनलचा आठवडा धरतात आणि पस्तावतात. बाद फेरी सुरू झाली की मॅच कमी होत जातात, मधे रिकामे दिवस येतात, हॉटेल महाग होतं, आणि यजमान टीम पुढे गेली तर तिकीट मिळणं मुश्कील. जाकार्तात इंडोनेशिया फायनलपर्यंत पोचलं, अशा वेळी बाहेरून आलेल्याने काय करायचं? पाच-सहा दिवसांचीच रजा असेल तर ग्रुपची शेवटची फेरी आणि बाद फेरीची सुरुवात असा तुकडा धरा, सगळ्यात जास्त खेळ तिथे बघायला मिळतो. दहा-बारा दिवस असतील तरच फायनलचा विचार करा.

रजेचा अर्ज करताना कॅलेंडर घरच्यांसोबत बसून बघा. २०२४ला वर्ल्ड कप १४ सप्टेंबरला सुरू झाला आणि अनंत चतुर्दशी होती १७ला. घरी दहा दिवसांचा गणपती असलेल्या माणसाने पहिला आठवडा सोडून दुसऱ्यात जायचं, इतकं साधं आहे, पण ते आधी कळायला हवं.

४. हॉटेल, पण फक्त फ्री कॅन्सलेशनवालं

वेळापत्रक आलं की लगेच हॉटेल अडवून ठेवा. पैसे तिथे जाऊन द्यायचे, अमुक तारखेपर्यंत रद्द करता येईल, असंच बघा. ती रद्द करायची तारीख फोनमधे दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावून टाका. व्हिसाच्या फॉर्मला हेच बुकिंग लागतं म्हणून हे व्हिसाच्या आधी.

जागा निवडताना स्टार बघत बसू नका. मॅच रात्री उशिरा संपते तेव्हा हॉलवरून परत कसं यायचं ते बघा, मेट्रो किती वाजेपर्यंत आहे, चालत येता येईल का. उझबेकिस्तानसारख्या देशात परदेशी पाहुण्याची नोंदणी हॉटेल करतं, खाजगी फ्लॅटवर राहिलात तर ते काम घरमालकाचं, आणि त्याने केलं नाही तर त्रास तुम्हाला होणार. अशा ठिकाणी हॉटेलच घ्या आणि चेकआउटला नोंदणीची चिठ्ठी मागून घेऊन पासपोर्टमधे ठेवा.

५. व्हिसा

नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर परत एकदा बघायचंच. सध्या भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ढोबळ चित्र असं आहे:

फिलिपिन्सने जून २०२५पासून १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला व्हिसाची अट काढून टाकलीय. पण व्हिसा नाही म्हणजे कागद नाहीत असं होत नाही, परतीचं तिकीट, राहायचं बुकिंग, सहा महिने चालणारा पासपोर्ट हे सगळं दाखवावं लागतं, आणि ते १४ दिवस वाढवून मिळत नाहीत. म्हणजे वर्ल्ड कप १७ दिवसांचा असेल तर पहिल्या दिवसापासून फायनलपर्यंत या सवलतीवर राहताच येणार नाही. हा हिशोब लोक करतच नाहीत.

इंडोनेशियाला व्हिसा ऑन अरायव्हल आहे, ३० दिवसांचा, फी पाच लाख रुपिया, आणि तो घरून ऑनलाइन काढून ठेवता येतो. तसाच काढा, जाकार्ताला उतरल्यावर एक रांग वाचते. उझबेकिस्तानला ई-व्हिसा आहे, एका प्रवेशाचा ३० दिवसांचा २० डॉलरला, दोन-तीन कामाच्या दिवसांत येतो. पण शनिवार-रविवार आणि त्यांच्या सुट्ट्या धरून निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. ओमानचा ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या पोर्टलवरून निघतो.

युरोप असेल तर सगळं वेगळं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कागदावर शेवटची मुदत प्रवासाच्या १५ दिवस आधीची असली तरी त्या भरवशावर राहू नका, मुंबईत बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात. फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा चार्ज, इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे कुठे किती रात्री राहणार ते मोजून ठरतं. २०२६चा फुटसाल युरो तीन देशांत होता, लातविया, लिथुआनिया आणि स्लोव्हेनिया. अशा वेळी जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला शिरणार त्याच्याकडे. स्वस्त हॉटेल दिसलं म्हणून नंतर रात्री इकडच्या तिकडे केल्या की फॉर्म आणि प्लॅन जुळत नाही आणि नकार हातात येतो.

बँक स्टेटमेंटबद्दल एक सांगतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून दोन लाख खात्यात टाकून घेणं बंद करा. अचानक आलेली मोठी रक्कम लगेच दिसते आणि तिच्यावरच शंका घेतात. तीन-सहा महिने खात्यात नेहमीचा पगार आणि हळूहळू वाढलेली शिल्लक दिसली तर ती जास्त कामाची. सोबत ऑफिसचं रजा मंजूर झाल्याचं पत्र, आणि मॅचची तिकिटं हातात असतील तर त्यांची प्रिंट. का चाललोय ते त्यातून एका नजरेत कळतं.

*सावधान: देशात शिरताना भरायचे फॉर्म म्हणजे व्हिसा नव्हे, ते वेगळे. फिलिपिन्सचं ई-ट्रॅव्हल पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत भरायचं असतं, थायलंड-मलेशियामार्गे बाहेर पडून शहर बघणार असाल तर त्यांचेही डिजिटल अरायव्हल कार्ड आहेत. हे सगळे फुकट आहेत. कुठे कार्डचा नंबर मागितला तर साइट चुकली.*

आणि जे स्वतः खेळायला चाललेत, म्हणजे हौशी टीमच्या स्पर्धेला, त्यांनी टुरिस्ट व्हिसा चालतो का हे आयोजकांकडून आणि वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. प्रेक्षक आणि खेळाडू यांना एकच नियम नसतो.

६. मॅचची तिकिटं

विक्री सुरू झाली की लगेच काढा, तुम्ही वरच्या कोणत्याही टप्प्यावर असलात तरी. पैसे परत न मिळणारं हे एकच बुकिंग व्हिसाच्या आधी केलेलं चालतं कारण फुटसालची तिकिटं फार महाग नसतात आणि व्हिसा नाहीच आला तर बुडणारी रक्कम सोसण्यासारखी असते.

बघायचं काय, तर तिकीट एका मॅचचं आहे की पूर्ण सेशनचं. बऱ्याच ठिकाणी एकाच तिकिटावर लागोपाठच्या दोन मॅच असतात आणि लोक दोन-दोन वेळा पैसे भरतात. तिकीट मोबाइलच्या ॲपमधेच येत असेल तर ज्या ईमेलवर काढलं त्याचा पासवर्ड चालू फोनवर टाकून ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, काही ॲपमधे कोड दर थोड्या वेळाने बदलतो. सहा जणांची तिकिटं एकाच्या फोनवर असतील तर हॉलच्या दारात तो एक जण येईपर्यंत बाकी पाच बाहेर, म्हणून आधीच ज्याची त्याला ट्रान्सफर करून टाका.

जागा कुठली घ्यावी? गोलच्या मागची स्वस्त असते आणि आवाज तिथे जास्त असतो, पण फुटसाल समजून बघायचा असेल तर लांब बाजूला, मधोमध आणि वरच्या रांगेत बसा. कोर्ट ४० बाय २० मीटरचं असतं त्यामुळे वरूनही सगळं स्पष्ट दिसतं. शेवटच्या तीन-चार मिनिटांत मागे असलेली टीम गोलकीपर काढून एक जास्तीचा फील्ड प्लेयर वेगळ्या रंगाचा शर्ट घालून आणते, पाच जण चौघांभोवती बॉल फिरवत राहतात, एक पास चुकला तर समोर अख्खा रिकामा गोल. ते फिरवणं वरूनच दिसतं, खाली पहिल्या रांगेत बसलात तर नुसते पाय दिसतात.

७. फ्लाइट: आता कुठे

व्हिसा हातात आला, किंवा व्हिसा लागत नाही याची खात्री झाली, की मग फ्लाइट. शेंगेनच्या फॉर्मला प्रवासाचा प्लॅन लागतो, तिथे रिझर्व्हेशन किंवा रिफंडेबल तिकीट द्या, व्हिसा यायच्या आधी पक्कं नॉन-रिफंडेबल काढू नका.

पहिल्या मॅचच्या निदान एक पूर्ण दिवस आधी पोचा. परतीचं फायनलच्या रात्रीचं कधीही नको. फुटसालला २०-२० मिनिटांचे दोन हाफ असले तरी बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळे एक मॅच सहज दीड तास जाते, त्यात एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी आल्या की अजून, वर बक्षीस समारंभ. दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या.

मधे थांबा असेल तर दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमधे हवीत. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसरी एअरलाइन हात वर करते. शिवाय बॅग बाहेर घेऊन परत चेक-इन करायला त्या मधल्या देशाचाही व्हिसा लागू शकतो.

*सावधान, ही चूक सगळ्यात जास्त होते: तिकिटावर १५ तारीख, रात्री १:४० असं असेल तर एअरपोर्टला १४ तारखेला रात्री निघायचं. १५ला जेवूनखाऊन निघालात तर विमान वीस तासांपूर्वी गेलेलं असतं. फोनमधे रिमाइंडर घरातून निघायच्या वेळेचा लावा, उड्डाणाच्या वेळेचा नको.*

८. इन्शुरन्स

भारतातून निघायच्या आधीच घ्यायचा. हॉस्पिटल, पासपोर्ट हरवणं, बॅग हरवणं, फ्लाइट चुकणं एवढं तरी त्यात असावं. संध्याकाळी तिकडच्या लोकांबरोबर टर्फवर खेळायचा विचार असेल तर खेळताना झालेली दुखापत धरलीय का ते पॉलिसीत वाचा, बऱ्याच पॉलिसींमधे ती वगळलेली असते.

९. पैसे

तीन ठिकाणी तीन प्रकारे ठेवा, फॉरेक्स कार्ड (आधी परकी चलन भरून ठेवलेलं), बँकेचं एक कार्ड, आणि थोडे डॉलर रोख. आपल्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधे जाऊन स्वतः चालू करावे लागतात आणि हे घरीच करायचं, तिकडे जाऊन नाही. दुकानात मशीनवर "रुपयांत पैसे द्यायचेत का" असं आलं तर नाही म्हणा आणि तिथल्या चलनात द्या, रुपयांच्या पर्यायात भाव वाईट लावतात.

डॉलर घेताना नोटा कोऱ्या मागून घ्या. पेनाची रेघ, फाटलेला कोपरा, घडी पडून पांढरी झालेली नोट, ताश्कंद-जाकार्ताकडे बदलून देत नाहीत किंवा भाव पाडून देतात. फोर्टमधे किंवा दादरला काउंटरवर उभे असतानाच एकेक नोट उलटून बघा आणि खराब असेल ती तिथेच परत करा, आणि पक्की पावती घ्या. भारतीय रोकड माणशी २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येते, त्यातले चार-पाच हजार परतल्यावर टॅक्सीला ठेवा.

शून्यांची सवय करून घ्या. इंडोनेशियात एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. दहा हजार आणि एक लाखाच्या नोटेत पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो, म्हणून पहिल्या दिवशीचे व्यवहार हळू करा, मागे कितीही रांग असली तरी.

युपीआयच्या भरवशावर निघू नका. काही देशांत काही दुकानांत चालतं, हॉलच्या बाहेरच्या खाऊच्या गाडीवर चालेलच असं नाही.

१०. फोन

डेटासाठी तिकडचं ई-सिम घ्या, पण आपला नंबर बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात. इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधी चालू करा आणि आपल्या सिमचा डेटा मात्र बंद ठेवा. पासपोर्ट, व्हिसा, इन्शुरन्स, हॉटेल या सगळ्याचे फोटो ऑफलाइन दिसतील असे फोनमधे ठेवा, एक संच घरी कोणाकडे तरी द्या, आणि एक प्रिंट बॅगेत. हॉटेलचा पत्ता तिथल्या भाषेत लिहिलेला स्क्रीनशॉट असू द्या, रात्री टॅक्सीवाल्याला दाखवायला.

११. बॅग

पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. मर्यादा १०० वॅट-अवरची, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची चालते कारण ती ७४ वॅट-अवरच्या आसपास येते, पण तो आकडा तिच्यावर छापलेला दिसला पाहिजे, पुसला गेला असेल तर सिक्युरिटीला काढून घेऊ शकतात.

खाण्याचं. दशम्या, मेथीचे ठेपले, भडंग, मेतकूट न्या, शाकाहारी माणसाला मध्य आशियात याचा फार आधार होतो. मस्कतला जात असाल तर इतकं लागत नाही, रुवी भागात आपलं जेवण मिळतं. पण गल्फच्या वाटेवर असाल, अगदी नुसतं विमान बदलायला दुबईला उतरत असाल तरी, खसखस घेऊ नका. यूएईमधे ती बंदी असलेली वस्तू आहे आणि तिथे थट्टा नाही. आईने प्रेमाने डब्यात अनारसे भरले असतील तर त्यांना खसखस लावलेली असते, ते घरीच ठेवा. खसखस घातलेला गरम मसालाही नको. कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनाही परवानगीशिवाय नेल्या तर तेच लागू. रोजची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

तिरंगा नेणार असाल तर जरूर न्या, पण त्याच्यावर काहीही लिहायचं नाही, ना "मुंबई", ना ग्रुपचं नाव. कायद्याने तो राष्ट्रध्वजाचा अपमान ठरतो. कमरेखाली गुंडाळायचा नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही. ग्रुपचं नाव मिरवायचंय तर वेगळा बॅनर शिवून घ्या. काठी घेऊ नका, हॉलमधे आत नेऊ देत नाहीत. ढोल-ताशा, भोंगे यांचं आयोजकांच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं असतं, परवानगी नसेल तर विमानाने ढोल नेण्याचा खटाटोप करू नका, टाळ्या आणि घसा पुरतो.

१२. एअरपोर्ट

मुंबईहून टी-२ला तीन तास आधी. मेट्रो ३ला टी-२चं स्टेशन झालंय आणि पावसात तो चांगला मार्ग आहे, पण मध्यरात्रीनंतरच्या फ्लाइटला मेट्रोने जायचं तर रात्री सेवा बंद व्हायच्या आधी पोचून आत बसून राहायची तयारी ठेवा. विसर्जनाच्या दिवशी हायवेवर काय होतं ते सांगायला नको. डिजी यात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायची सोय, देशातल्या फ्लाइटसाठी आहे, इंटरनॅशनलला तिचा उपयोग नाही, ती रांग वाचेल म्हणून उशिरा निघू नका.

इमिग्रेशनवर "कशासाठी चाललात" विचारलं तर सरळ सांगा, फुटसालची स्पर्धा बघायला. तिकिटं, परतीची फ्लाइट, हॉटेल दाखवा. उगाच ऑफिसचं काम वगैरे सांगू नका.

चेक, घरातून निघताना: पासपोर्ट, व्हिसाची प्रिंट, कार्ड, डॉलर, फोन, औषधं. बाकी काही राहिलं तर तिकडे विकत मिळतं.

१३. हॉलमधे

पहिल्या दिवशी तासभर आधी जा. बॅग लहान न्या, पाण्याची बाटली बहुतेक ठिकाणी दारातच टाकावी लागते. एकदा बाहेर पडलात की बऱ्याच हॉलमधे परत आत घेत नाहीत, म्हणून दोन मॅचच्या मधे जेवायला बाहेर जायचा विचार असेल तर दारावर आधी विचारा. एसी कडक असतो, एक पातळ जॅकेट असू द्या.

स्कोअरबोर्डवर गोलांशेजारी फाउलचा आकडा असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. एका हाफमधे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोर खेळाडूंची भिंत न लावता थेट फ्री किक, ती १० मीटरवरून मारता येते. टर्फवर आपण फाउल मोजत नाही, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण हे बघायचंच विसरतात आणि मग पाच फाउल झालेली टीम अचानक टॅकल का टाळतेय ते कळत नाही.

मॅच संपल्यावर गर्दीबरोबर लगेच टॅक्सी शोधू नका. वीस मिनिटं बसा किंवा दोन चौक पुढे चालत जाऊन ॲपवरून बोलवा, हॉलच्या दारात भाव चढे असतात.

१४. परत आल्यावर

बॅग उशिरा आली किंवा फाटली तर बेल्टजवळच एअरलाइनच्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या, घरी येऊन फोन केला तर इन्शुरन्सवाले ऐकत नाहीत. बोर्डिंग पास आणि हॉस्पिटल-औषधांच्या पावत्या क्लेम मिळेपर्यंत जपा, पुढच्या व्हिसाला जुनी प्रवासाची कागदपत्रं कामी येतात म्हणून व्हिसाची प्रिंटही टाकू नका. फॉरेक्स कार्डवर उरलेली रक्कम परत खात्यात घ्या किंवा पुढच्या वेळेसाठी ठेवा, पण ठेवलीत तर कार्डाची मुदत बघा. आणि बँकेच्या ॲपमधे जाऊन कार्डावरचे परदेशातले व्यवहार त्याच दिवशी परत बंद करा.